काट्याचा सर्व्हर अडकतोय, मॉनिटरिंग एजंट जोडलाय पण काहीच दिसत नाही

काटाघर (सांगली)
१९ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचं विश्रामबागला छोटं ऑफिस आहे, पाच माणसं. एका साखर कारखान्याचं काट्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ऊस भरून गाडी आली की टोकन, नंबर लागला की भरल्या गाडीचं वजन, मग गव्हाणीला जाऊन रिकामी होऊन परत काट्यावर, रिकाम्या गाडीचं वजन, फरक तो ऊस, त्याची पावती छापायची आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस. जावात आहे, स्प्रिंग बूट, खाली मायएसक्यूएल. उबुंटूचा एकच सर्व्हर.

हंगाम सुरू होऊन आठवडा झाला नाही तोवर संध्याकाळी सहानंतर पावती अडकायला लागली. वजन काट्याच्या डिस्प्लेवर दिसतंय, ऑपरेटरनं सेव्ह दाबलं की स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. कधी दहा सेकंद कधी वीस, आणि बऱ्याचदा बरोबर ३० सेकंद झाले की लाल अक्षरात एरर. काल मी स्वतः रात्री एकपर्यंत काटाघरात बसलो होतो. बाहेर ट्रॅक्टरची रांग गेटच्या पार रस्त्याला लागलेली, एक ड्रायव्हर खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "साहेब, दोन खेपा व्हायच्या तिथं एक व्हायला लागलीया, टोळी फडात बसून हाय". त्या माणसाची मजुरी आमच्या चक्रामुळं बुडायलीय हे डोळ्यांनी बघितल्यावर झोप लागत नाही हो.

काय काय केलं ते सांगतो. रॅम १६ चा ३२ केला, काडीचा फरक नाही. सीपीयू बघितला तर १५ टक्क्यांच्या वर जात नाही. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग चालू केला, १० सेकंदांची मर्यादा असते ती १ वर आणली, तरी त्यात काही येत नाही. मग एका मित्रानं सांगितलं की अंदाज बांधत बसू नको, एपीएम एजंट (चालत्या ॲपमधला वेळ मोजणारं टूल) जोड, कुठल्या मेथडमधे वेळ जातोय ते समोर दिसेल. म्हणून ग्लोरूट उतरवून घेतला, फुकट आहे आणि वेगळा सर्व्हर लागत नाही. सर्व्हिस फाइलमधली ओळ अशी केली (इथं मराठीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीत आहे):

जावा -एक्सएमएक्स४जी -जार काटा.जार -जावाएजंट:/रूट/ग्लोरूट/ग्लोरूट.जार

रीस्टार्ट केलं, ॲप चालू झालं, एरर नाही काही नाही. पण ग्लोरूटचं पान ज्या ४००० पोर्टवर यायला पाहिजे तिथं काहीच उघडत नाही. कुठं चुकतंय?

---

धोमकाठ (वाई)
२० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

चूक ओळीतच आहे दादा. -जार काटा.जार च्या नंतर जे जे लिहाल ते जावाला नाही, तुमच्या ॲपला जातं. मेन मेथडच्या आर्ग्युमेंटमधे जाऊन पडतं आणि स्प्रिंग बूट त्याच्याकडं बघतही नाही, म्हणून एरर पण नाही. एजंट -जार च्या आधी पाहिजे.

हे का ते थोडं सांगतो म्हणजे परत चुकणार नाही. जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून, जावामधेच ही सोय आहे. एजंटच्या जारमधे मॅनिफेस्ट फाइल असते, त्यात प्रीमेन-क्लास कुठला ते लिहिलेलं असतं. जेव्हीएम (तुमचं जावा ॲप चालवणारं इंजिन) चालू होताना तुमच्या मेनच्या आधी त्या क्लासचं प्रीमेन पळवते. तिथं एजंट सांगून ठेवतो की इथून पुढं जो क्लास लोड होईल तो आधी माझ्या हातातून जाऊ दे. मग तुमचा कंट्रोलर, जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा), एचटीटीपी क्लायंट असले क्लास आले की त्यांच्या बाइटकोडमधे सुरुवातीला आणि शेवटाला घड्याळ लावून देतो. तुमच्या सोर्सला हात लागत नाही. सगळं आधी व्हायला पाहिजे म्हणून ओळीतही आधी.

जोडला गेला की नाही ते बघायला जेसीएमडी वापरा, प्रोसेसचा नंबर देऊन व्हीएम डॉट कमांड लाइन विचारा, म्हणजे जेव्हीएमनं काय वाचलं ते तीच सांगते. ज्या युजरनं ॲप चालतंय त्याच युजरनं चालवा, नाहीतर जोडणी होणार नाही.

---

काटाघर (सांगली)
२० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ओळ बदलली. आता ॲपच चालू होईना!! "एरर ओपनिंग झिप फाइल ऑर जार मॅनिफेस्ट मिसिंग" म्हणतंय आणि बंद पडतंय. जार फाइल चांगली आहे, मी उघडून बघितली. काट्यावरून फोनवर फोन, घाईघाईत जुनी ओळ परत टाकून चालू केलं. सहा मिनिटं काटा बंद होता.

---

धोमकाठ (वाई)
२० नोव्हेंबर, सकाळी ९:४८

जार रूटच्या फोल्डरमधे आहे आणि तुमची सर्व्हिस वेगळ्या युजरनं चालत असणार, बरोबर? त्या युजरला रूटचं फोल्डर वाचताच येत नाही. मेसेज झिपचा देतं पण दुखणं परवानगीचं आहे.

ऑप्ट फोल्डरमधे हलवा, मालकी सर्व्हिसच्या युजरची करा. नुसती वाचायची परवानगी पुरत नाही, ग्लोरूट स्वतःचा डेटा आपल्याच फोल्डरमधे एका छोट्या डेटाबेसमधे लिहितो त्यामुळं लिहायची पण पाहिजे.

आणि एक लक्षात ठेवा, एजंटचा पाथ चुकला तर जेव्हीएम एजंट सोडून पुढं जात नाही, चालूच होत नाही. त्यामुळं हे काम गाळप जोरात असताना करायचं नाही. पाळी बदलताना दहा मिनिटं मागून घ्या. त्याच्या आधी त्याच युजरनं, त्याच जारनं, नुसतं "जावा -जावाएजंट:अमुक -व्हर्जन" एवढं चालवून बघा. व्हर्जन छापून आलं तर पाथ आणि परवानगी ठीक आहे, ॲपला हात न लावता कळतं.

---

मिरज_जंक्शन (मिरज)
२० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

हा शेवटचा व्हर्जनवाला उपाय सोन्यासारखा आहे, मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितला असता तर एका हॉस्पिटलची ओपीडी अडकली नसती.

टॉमकॅटवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, कारण मी तिथं भाजलोय. टॉमकॅटला ओळ सेटएन्व्ह डॉट एसएच फाइलमधे टाकतात, पण कॅटालिना ऑप्ट्स मधे टाका, जावा ऑप्ट्स मधे नको. जावा ऑप्ट्स हे टॉमकॅट बंद करतानाही वापरलं जातं. बंद करायची कमांड ही पण एक वेगळी छोटी जेव्हीएम असते, मग तिलाही एजंट चिकटतो, तोच पोर्ट मागतो, तीच डेटा फाइल मागतो. आमच्याकडं टॉमकॅट बंदच व्हायचा नाही, प्रत्येक वेळी किल करायला लागायचा, आणि महिनाभर आम्ही टॉमकॅटला दोष देत होतो.

विंडोजवर सर्व्हिस म्हणून टॉमकॅट असेल तर सेटएन्व्ह फाइल वाचलीच जात नाही. तिथं टॉमकॅट९डब्ल्यू उघडून जावा टॅबमधे खाली नवीन ओळीत टाकायचं, एका ओळीत एकच ऑप्शन.

आणि उबुंटूच्या पॅकेजमधून टॉमकॅट ९ घेतलेला असेल तर सिस्टमडीनं (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) त्याला बांधून ठेवलेलं असतं, ठराविक फोल्डर सोडून कुठं लिहू देत नाही. फोल्डरची मालकी बरोबर असूनसुद्धा "रीड ओन्ली" म्हणतंय असं दिसलं की रीडराइटपाथ्स मधे एजंटचं फोल्डर घाला आणि डेमन-रीलोड करा.

---

हळदपेठ (सांगली)
२० नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी वालचंदला शेवटच्या वर्षाला आहे, प्रश्न साधा वाटेल पण विचारतो. सीपीयू, रॅम, डिस्कचे ग्राफ तर ग्राफानामधे दिसतातच, लॉग पण असतात. मग एजंट वेगळं काय देतो? आम्हाला शिकवताना मॉनिटरिंग म्हणजे तेच ग्राफ दाखवले होते.

---

धोमकाठ (वाई)
२० नोव्हेंबर, दुपारी २:०२

सांगलीचा आहेस ना, मग तुला पटकन कळेल. पावसाळ्यात तुम्ही सगळे आयर्विन पुलाची पातळी बघत असता. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. तो आकडा खराच असतो आणि लागतोच. पण पाणी वाढतंय एवढंच तो सांगतो. ते धोममधून सोडलंय, का कोयनेचा विसर्ग वाढलाय, का खाली हरिपूरला वारणा फुगलीय म्हणून पाणी पुढं सरकेना, हे पुलावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी वरपासून प्रत्येक ठिकाणचं माप पाहिजे आणि तेच पाणी कुठून कुठं किती वेळात आलं ते जोडता आलं पाहिजे.

सीपीयूचा ग्राफ म्हणजे आयर्विन. एजंट एकेका रिक्वेस्टच्या मागं कोयनेपासून चालत येतो. ही रिक्वेस्ट आली, कंट्रोलरमधे इतका वेळ, कनेक्शन मिळायला इतका, ही क्वेरी इतकी, बाहेरच्या सर्व्हरला फोन इतका. याला ट्रेस म्हणतात. गूगलनं २०१० साली डॅपर नावाचा पेपर लिहिला होता, आजची बरीच टूलं त्याच विचारावर उभी आहेत, वेळ मिळाला की वाच, फार अवघड नाही.

आणि काटाघर दादांचंच बघ. सीपीयू १५ टक्के, तरी पान ३० सेकंद. म्हणजे सर्व्हर काम करतच नाहीये, कशाची तरी वाट बघत बसलाय. ग्राफ काम मोजतात, वाट बघणं त्यात उमटत नाही.

---

काटाघर (सांगली)
२० नोव्हेंबर, रात्री १०:५०

जोडला! दुपारी चारच्या पाळीला दहा मिनिटं घेतली, व्हर्जनवाली चाचणी आधी केली, एका दमात चालू झालं. ग्लोरूटचं पान फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडतं म्हणून एसएसएच टनेल करून माझ्या लॅपटॉपवर ४००० उघडलं.

सहा वाजल्यापासून डोळे लावून बसलो. ठिपक्यांचा ग्राफ येतो, एक ठिपका म्हणजे एक हळू रिक्वेस्ट. ६:४० ला ३० सेकंदांच्या रेषेवर ठिपक्यांची ओळच्या ओळ लागली, सरळ पट्टीनं मारल्यासारखी. एक उघडला. आत एकूण ३० सेकंद, त्यातले जवळजवळ सगळे "कनेक्शन घेणे" यात. क्वेरी एकही नाही. म्हणजे डेटाबेसपर्यंत पोचलंच नाही. दुसरा उघडला, तेच. वीस उघडले, तेच. आता लॉगमधला मेसेज पण जुळला, "कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस". हा मेसेज आधी पण होता पण आम्ही त्याला मायएसक्यूएल बंद पडतंय असं समजत होतो.

मग आता कनेक्शन पूल (ॲपनं डेटाबेससाठी तयार ठेवलेली कनेक्शनं) वाढवू का? १० आहे तो १०० करतो.

---

अजिंक्यतारा (सातारा)
२० नोव्हेंबर, रात्री ११:२५

थांबा, पूल वाढवू नका अजून. उद्या कारण सापडायचं ते झाकलं जाईल आणि गर्दीच्या ऐन दिवशी १०० पण भरतील. शिवाय मायएसक्यूएलचं स्वतःचं मॅक्स कनेक्शन न बदलता १५१ असतं, त्यात तुमचे रिपोर्ट, बॅकअप, दुसरी ॲप पण आली.

स्प्रिंग बूट २ पासून हिकारी पूल येतो, १० कनेक्शन आणि ३० सेकंदांची वाट ही त्याची मूळ सेटिंग. तुम्ही बदललेलं दिसत नाही. म्हणजे ३० सेकंदवाले ठिपके गुन्हेगार नाहीत, ते बिचारे रांगेत उभे आहेत. गुन्हेगार तो आहे ज्यानं दहा कनेक्शन हातात धरून ठेवलीत. त्याच्या रिक्वेस्टा ३० सेकंदांपेक्षा लांब असणार, कदाचित अजून संपल्याच नसतील, म्हणून ठिपक्यांच्या गर्दीत नजरेत आल्या नाहीत.

उद्या अडकलं की ठिपके सोडा. ग्लोरूटमधेच जेव्हीएमच्या टॅबमधे थ्रेड डंप आहे, म्हणजे रिक्वेस्टचं काम करणारा एकेक थ्रेड त्या क्षणी कोडमधे कुठं उभा आहे त्याची यादी. अडकलेलं असतानाच तो घ्या, दहा सेकंदांनी परत एक घ्या. दोन्हीत जे थ्रेड एकाच जागी उभे दिसतील ते इथं सांगा.

माझा एक अंदाज आहे पण आत्ता बोलत नाही, तुमच्या डोळ्यांनी दिसू दे.

---

काटाघर (सांगली)
२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

ताई, सापडलं. हात थरथरायलेत लिहिताना.

दोन्ही डंपमधे दहा थ्रेड एकाच जागी. सगळ्यात वर सॉकेट रीड, खाली एचटीटीपीचे क्लास, त्याच्या खाली आमचा एसएमएस पाठवायचा क्लास, त्याच्या खाली वजन सेव्ह करायची मेथड, आणि त्या मेथडच्या डोक्यावर ॲट ट्रान्झॅक्शनल. दहाच्या दहा. बरोबर पूलएवढे.

म्हणजे वजन टेबलमधे लिहिलं, ट्रान्झॅक्शन उघडंच, कनेक्शन हातात, आणि तसंच एसएमएस गेटवेला फोन लावून उत्तराची वाट बघत बसलंय. ग्लोरूटमधे एक ट्रेस मिळाला, १३४ सेकंद, त्यातल्या क्वेरी सगळ्या मिळून ४० मिलिसेकंद, बाकी सगळा तो एक फोन. दिवसा गेटवे लगेच उत्तर देतो म्हणून दिवसा दुखत नाही, संध्याकाळी त्यांच्याकडं काय होतं माहीत नाही पण काही मेसेजना दोन-दोन मिनिटं उत्तर येत नाही.

चार काटे आणि दोन टोकन खिडक्या, मिनिटाला सात-आठ सेव्ह तर होतातच, प्रत्येकाला एसएमएस. त्यातल्या काही दोन मिनिटं अडकल्या आणि ऑपरेटरनं वैतागून पान रीफ्रेश करून परत सेव्ह दाबलं की दहा भरायला कितीसा वेळ.

आणि अजून एक कोडं सुटलं. शेतकी विभागात तक्रारी येत होत्या की शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस दोनदा आला, किंवा एसएमएस आला पण पावतीच नाही. आम्ही म्हणायचो असं होऊच शकत नाही. आता दिसतंय, एसएमएस कमिटच्या आधी जातोय, पुढं काही फसलं आणि रोलबॅक झालं की वजन गेलं पण मेसेज गेलेला परत येत नाही. ज्या शेतकऱ्यांना आम्ही खोटं पाडलं त्यांची माफी मागायला पाहिजे.

---

अजिंक्यतारा (सातारा)
२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

शाब्बास. हाच अंदाज होता. स्लो क्वेरी लॉगमधे काही का नव्हतं तेही आता कळलं असेल, क्वेरी हळू नव्हतीच.

आज रात्रीपुरतं एकच करा, एसएमएसच्या फोनला टाइमआउट लावा, जोडायला २ सेकंद, उत्तराला ३. रेस्ट टेम्प्लेट नुसतं न्यू करून वापरलं असेल तर त्याला टाइमआउट नसतोच, समोरचा गप्प बसला तर तो कितीही वेळ बसून राहतो. एवढ्यानं रांग हलेल.

खरं काम नंतर. बाहेरचा कुठलाही फोन ट्रान्झॅक्शनच्या आत ठेवायचा नाही. वजनासोबत त्याच ट्रान्झॅक्शनमधे "पाठवायचे एसएमएस" अशा एका टेबलमधे ओळ टाका. कमिट झालं तर दोन्ही झालं, रोलबॅक झालं तर दोन्ही गेलं. एक वेगळा जॉब दर काही सेकंदांनी त्या टेबलमधून उचलून पाठवेल. गेटवे झोपला तर मेसेज उशिरा जाईल, काटा थांबणार नाही.

---

काटाघर (सांगली)
२३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

टाइमआउटनं परवा रात्रीच जीवात जीव आला. काल मधला उपाय म्हणून एसएमएसची ओळ ट्रान्झॅक्शनल मेथडच्या बाहेर, कंट्रोलरमधे आणली. वाटलं आता कनेक्शन सुटून जाईल. पण संध्याकाळी ट्रेस बघितला तर एसएमएस चालू असताना पण पूलमधलं कनेक्शन अडकलेलंच दिसतंय. ट्रान्झॅक्शन तर संपलंय ना?

---

धोमकाठ (वाई)
२३ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

ओपन इन व्ह्यू. ॲप चालू होताना लॉगमधे एक वॉर्निंग येते बघा, "स्प्रिंग डॉट जेपीए डॉट ओपन-इन-व्ह्यू इज एनेबल्ड बाय डिफॉल्ट", सगळे ती वाचून सोडून देतात. ते चालू असलं की हायबरनेटचं (जावा आणि डेटाबेसच्या मधली लायब्ररी) सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत उघडं राहतं, आणि एकदा घेतलेलं कनेक्शन पण तोवर सोडत नाही. त्यामुळं एसएमएस कंट्रोलरमधे आणला तरी तो रिक्वेस्टच्या आतच आहे, कनेक्शन धरलेलंच.

फॉल्स करून टाका, पण त्याआधी टेस्टमधे सगळी पानं उघडून बघा. कुठं तरी व्ह्यूमधे लेझी लिस्ट वाचत असाल तर तिथं लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन फुटेल. ताईंनी सांगितलेला टेबलचा रस्ताच कायमचा.

---

मिरज_जंक्शन (मिरज)
२३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

माझा एक प्रश्न घुसवतो. आमच्याकडं चार-पाच सर्व्हिस आहेत, जावा, एक पायथन, एक डॉटनेट. ग्लोरूट फक्त जावाचा. म्हणून ओपन टेलिमेट्री (वेगवेगळ्या भाषांना चालणारं ट्रेसचं टूल) लावायला घेतलं, जावा एजंट जोडला गेला, लॉगमधे त्याचं नाव पण येतं, पण कलेक्टरला (ट्रेस गोळा करणारा प्रोग्रॅम) डेटा पोचत नाही. पत्ता ४३१७ चा दिलाय, जुन्या सर्व्हिसला तोच चालतोय.

---

अजिंक्यतारा (सातारा)
२३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

जुन्या सर्व्हिसचा एजंट १ चा आणि हा २ चा असणार. २ पासून मूळ प्रोटोकॉल जीआरपीसीच्या जागी एचटीटीपी झालाय. जीआरपीसीचं दार ४३१७, एचटीटीपीचं ४३१८. एकतर पत्ता ४३१८ करा नाहीतर प्रोटोकॉल जीआरपीसी असं स्पष्ट लिहा.

सर्व्हिसचं नाव पण द्या, न दिल्यास सगळ्या "अननोन सर्व्हिस" म्हणून एका ढिगात पडतात. पायथनला कमांडच्या पुढं ओपनटेलिमेट्री-इन्स्ट्रुमेंट लावून चालवायचं, डॉटनेटला एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलनं प्रोफायलर चालू करायचा. डॉटनेटच्या एका प्रोसेसला असा एकच प्रोफायलर चालतो, आधीच दुसऱ्या कंपनीचा लावलेला असेल तर तो काढा. जावातही दोन एपीएम एजंट एकाच वेळी नकोत, दोघंही त्याच क्लासमधे हात घालतात आणि मग वेळ नक्की कुणाचा ते सांगता येत नाही.

आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं एनटीपीनं जुळवून ठेवा. नाहीतर ट्रेसमधे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं दिसतं.

---

हळदपेठ (सांगली)
२३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

जावा टूल ऑप्शन्स नावाचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे ना, त्यात एकदा एजंट टाकला की सगळ्या जेव्हीएमना आपोआप लागतो असं वाचलं. मग प्रत्येक सर्व्हिसची ओळ कशाला बदलायची?

---

धोमकाठ (वाई)
२३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

डॉकरमधे एका कंटेनरमधे एकच ॲप असतं तिथं ते छान आहे, इमेजला हात न लावता जोडता येतं. पण अख्ख्या सर्व्हरवर लावलंस तर त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक जावाला लागतं, कीटूलला, रात्रीच्या बॅकअप जॉबला, सगळ्यांना. मग कीटूलसारखी दोन सेकंदांची कमांड पण एजंट घेऊन उठते. सर्व्हिसपुरतं ठेव.

अजून एक, सिस्टमडीच्या फाइलमधे ऑप्शन व्हेरिएबलमधे ठेवून ओळीत वापरणार असशील तर महिरपी कंसाशिवाय लिही. कंसात लिहिलं तर सिस्टमडी सगळे ऑप्शन मिळून एकच शब्द समजतो आणि जावा तो ओळखत नाही.

---

कृष्णाघाट (सातारा)
२४ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

सगळं वाचलं, फार उपयोगी. पण एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते म्हणून लिहिते. मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बघते. एजंट क्वेरी टिपतो, त्यात बाइंड केलेल्या (क्वेरीत प्रश्नचिन्हाच्या जागी भरलेल्या) किमती टिपल्या तर खाते नंबर, आधार, मोबाइल, शिल्लक हे सगळं ट्रेसमधे जाऊन बसतं. डेटाबेसला आपण कुलूप लावतो आणि त्याची नक्कल शेजारच्या फोल्डरमधे उघडी. ठेवीदार आपल्या भरवशावर नंबर देतो.

ओपन टेलिमेट्रीचा जावा एजंट क्वेरीमधे लिहिलेल्या किमती काढून प्रश्नचिन्ह ठेवतो. ग्लोरूटमधे जेडीबीसीच्या सेटिंगमधे बाइंड पॅरामीटर टिपायचे की नाही ते ठरवता येतं, ती सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. यूआरएलमधे खाते नंबर जात असेल तर तोही ट्रेसमधे येतो हे लोक विसरतात. आणि ४००० पोर्ट सगळ्यांना उघडा करू नका, काटाघरांनी केलं तसं एसएसएच टनेलच बरं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायलाच पाहिजे होतं.

---

काटाघर (सांगली)
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:००

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बघितलं, शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर ट्रेसमधे होते. सेटिंग बदलली, आधीचा ग्लोरूटचा डेटा पुसून टाकला. मनापासून धन्यवाद.

एक विचारायचं राहिलं. कारखान्याचे आयटीवाले म्हणतात काम झालं ना, मग एजंट काढून टाका, सर्व्हरवर भार नको. काढू का ठेवू?

---

अजिंक्यतारा (सातारा)
२४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ठेवा. भार असतो, नाही म्हणणार नाही. ॲप चालू व्हायला जास्त वेळ लागतो, थोडी मेमरी जास्त जाते, कंटेनरमधे मर्यादा घट्ट असेल तर तेवढ्यानंही मारलं जाऊ शकतं. म्हणून आयटीवाल्यांना आकडा द्या. एक दिवस एजंटसह, एक दिवस एजंटशिवाय, त्याच पाळीतला पावतीचा वेळ आणि मेमरी समोर ठेवा. सरासरी देऊ नका, १०० पैकी ९५ पावत्या किती वेळाच्या आत निघाल्या ते द्या. तुमच्या प्रकरणात दिवसभराची सरासरी काढली असती तर संध्याकाळचा सगळा त्रास तिनं गिळून टाकला असता.

पण काढून टाकला आणि जानेवारीत परत काही अडकलं तर तुम्ही त्याच जागी परत येणार, गर्दीत रीस्टार्ट मागत. आणि रीस्टार्ट केलं की अडकलेलं सगळं सुटतं, पुरावा पण जातो. चालत्या जेव्हीएमला नंतरून एजंट चिकटवता येतो, जावा ६ पासून ती सोय आहे, पण जावा २१ पासून त्यावर इशारा द्यायला सुरुवात केलीय आणि पुढं ती मुळातच बंद ठेवायचा विचार आहे. चालू होतानाच जोडलेल्याला काही अडचण नाही.

---

काटाघर (सांगली)
२७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आज टेबल आणि जॉबवालं व्हर्जन चढवलं. दुपारच्या पाळी बदलाला, व्हर्जनवाली चाचणी करून. ओपन इन व्ह्यू पण फॉल्स केलं, दोन पानं फुटली होती ती टेस्टमधेच सापडली.

संध्याकाळी काटाघरात जाऊन बसलो. ६:५० ला गेटवे परत झोपला, टेबलमधे ४१ मेसेज थांबलेले दिसायला लागले. मी ऑपरेटरच्या खांद्यावरून बघत होतो, त्याला काही पत्ताच नाही, तो आपला सेव्ह दाबतोय, प्रिंटर कर्रर्र करून पावती सोडतोय, पुढची गाडी. ट्रेसमधे सेव्ह १८० मिलिसेकंद. पाच-सहा मिनिटांनी गेटवे उठला आणि ४१ च्या ४१ गेले, एकदाच प्रत्येकी. रांग गेटच्या आतच होती. तो ड्रायव्हर दिसला, आज दुसऱ्या खेपेला आला होता.

एजंट हंगामभर ठेवायला परवानगी मिळाली, ताईंनी सांगितलं तसे दोन दिवसांचे आकडे दाखवले.

शेतकी विभागाचं जुनं टॉमकॅटवालं ॲप आहे, त्याला पण आज जोडला, कॅटालिना ऑप्ट्समधे. पहिलाच ट्रेस उघडला तर गावनिहाय ऊस नोंदीच्या एका पानाला ७१२ क्वेरी, प्रत्येक २-३ मिलिसेकंदांची. प्रत्येक शेतकऱ्यासाठी वेगळी जाऊन गट नंबर आणतंय. त्याचा वेगळा धागा उद्या काढतो, कोड पण टाकतो.